त्यागाचं भाडं

वडवणी
दि. ५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सविनय जय भीम. वि. वि.

रविवारपासून फोन करते आहे, तू उचलत नाहीस. साहेबाला काही विचारायचं असलं तर तोंडी विचारायचं नाही, लेखी विचारायचं, हे तूच आम्हा अंगणवाडीच्या बायकांना शिकवलंस. म्हणून लेखी विचारते.

बीडच्या मंगल कार्यालयात आपल्या संघटनेची वार्षिक सभा झाली. तिथे मी उठून एवढंच विचारलं की संपाच्या वेळी आम्ही प्रत्येकीने पाचशे रुपये दिले होते, त्या निधीचं काय झालं. माझा आवाज चढलेला नव्हता. तू माइक हातात घेतलास आणि म्हणालास की माझी सख्खी बहीण असली तरी सांगतो, हिला कुणीतरी पढवून पाठवलं आहे. सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघायला लागलं. ज्या बायकांना मी घरोघर फिरून सभासद केलं, त्यांनी माझ्या शेजारच्या खुर्च्या सोडल्या. दादा, मला कुणी पढवलं ते सांगते. बायडाबाईंच्या खुब्याने पढवलं.

बायडाबाई तुला माहीत आहेत, माझ्या अंगणवाडीच्या मदतनीस. खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, वस्तीवरची पोरं हाताला धरून आणायची, हे त्यांचं काम. मुंबईच्या मोर्च्याहून परत येताना तुझा उपाध्यक्ष बंकट याने ठरवलेल्या टेम्पोतून उतरताना त्या पडल्या. तू स्वतः दवाखान्यात आलास, त्यांच्या उशाशी उभा राहिलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास की उपचाराची जबाबदारी संघटनेची. तुझ्या शब्दावर त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला. बिल आलं तेव्हा बंकट म्हणाला, निधी संपला. बिल भरायला बायडाबाईंच्या नवऱ्याने, भागवतमामांनी, सगळी मेंढरं आष्टीकडच्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात दिली. ज्या माणसाने जन्मभर मेंढरांमागे चालण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, तो आता दुसऱ्याची मेंढरं वळतो आहे.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. काठी धरून उठल्या आणि मलाच समजावायला लागल्या, की तुमच्या दादाला काई म्हणू नका बाई, त्या माणसानं आपल्यापायी जिंदगी घातली. खरं सांगते, ते ऐकून माझं डोकं जास्तच फिरलं.

आता दुसरी गोष्ट. सभा सुटल्यावर चौसाळ्याच्या मनिषाने बंकटला विचारलं की खर्चात वाचून दाखवलेलं ‘कार्यालय भाडे’ कुणाला देता. मनिषा यंदा सहखजिनदार झाली आहे, तिला विचारायचा हक्क आहे. संघटनेचं ऑफिस तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि ती खोली तू फुकट दिली आहेस, हे तू दर वर्षी भाषणात सांगतोस. यंदाही सांगितलंस, टाळ्याही घेतल्यास. बंकट माझ्याकडे बोट दाखवत हसून मनिषाला म्हणाला की ते हिच्या वहिनीला विचारा, पावती त्यांच्या नावाची असते.

मी वहिनीला विचारायच्या आधी तुला विचारते आहे. संघटनेतून तू काय घेतोस आणि किती घेतोस? काहीच घेत नसशील तर बंकटला सगळ्यांसमोर खोटा पाड, मी स्टेजवर येऊन तुझे पाय धरीन. घेत असशील तर तसं सांग.

आईचं गुडघ्याचं तेल सोमनाथच्या हाती पाठवते आहे. ती विचारेल की पौर्णिमा का आली नाही. काय सांगायचं ते तूच ठरव. राग आहे तोवर लोभही आहे, असं समज.

तुझी,
पौर्णिमा

●

बीड
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमा हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र मिळाले, वाचून आनंद झाला असे लिहिण्याची रीत आहे. या वेळी ती मोडतो.

तुला वाटते आहे की तू फार मोठे सत्य शोधून काढले. तुझा जन्म संघटनेत झाला नाही, माझा मात्र झाला असे म्हणायला हरकत नाही. पतसंस्थेतली कारकुनी सोडून मी या कामात पडलो तेव्हा तू शाळेत होतीस. त्या काळी अंगणवाडीच्या बाईला साहेब खुर्ची देत नसत. ए बाई म्हणून हाक मारत. मानधन इतके तुटपुंजे, की ते आणायला बीडला येण्याजाण्यातच त्याचा मोठा भाग जाई. तेव्हा या जिल्ह्यात गावोगाव एसटीने, ट्रॅक्टरवर बसून, चालत कोण फिरले? वडवणीच्या बायकांना पहिल्यांदा ‘घाबरू नका’ कोण म्हणाले? पोलिसांनी उचलून रात्रभर बसवून ठेवले तेव्हा सकाळी आई भाकरी घेऊन आली होती. तुला ते आठवत नसेल, कारण तुझी दहावीची परीक्षा होती आणि मीच आईला सांगितले होते की हिला कळू देऊ नको.

मी संघटनेकडून कधीही मानधन घेतलेले नाही, घेत नाही, घेणार नाही. हे वाक्य मी शेकडो सभांमध्ये बोललो आहे आणि आज तुलाही लिहून देतो. बाकी माझ्या घरातली खोली, माझी बायको आणि तिची सही, हे विषय घरातले आहेत. ते मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहून चघळण्याचे नाहीत. ती मनिषा काल आलेली पोरगी आहे. पदवी मिळाली म्हणजे संघटना कळते असे नाही.

बंकटबद्दल तू फार हलके लिहिलेस. तो नसता तर संपात गाड्या कुठून आल्या असत्या? स्टेज, मांडव, जेवण कुणी उभे केले असते? पुढारीपण म्हणजे फक्त भाषण नव्हे. त्यात चार गोष्टी अशा असतात की ज्या तुम्हा बायकांना न सांगितलेल्याच बऱ्या.

बायडाबाईंचे मलाही वाईट वाटते. पण संपात माणसे पडतात. एकीला दिले की उद्या शंभर जणी हात पुढे करतील.

तू मला सभेत प्रश्न विचारलास याचे दुःख नाही. तू माझ्याकडे न येता थेट उभी राहिलीस, याचे आहे. सायकल शिकताना पडलीस तरी तू आधी मागे वळून मी आहे का ते बघायचीस. आता बघत नाहीस. बरे आहे.

सोमनाथरावांना जय भीम. आईने तेल लावले. तू कामात आहेस असे तिला सांगितले आहे. यापुढे या विषयावर पत्र पाठवू नये. इतर विषयांवर पाठवल्यास उत्तर देईन.

तुझा,
अभिमन्यू

●

वडवणी
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. उज्ज्वला वहिनीस,
सा. जय भीम. वि. वि.

दादाने मला लिहायची बंदी घातली आहे, तुम्हाला लिहायची घातलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी त्याला सरळ विचारलं होतं की तू किती घेतोस. त्याने चार पानं लिहिली, त्यात ट्रॅक्टर आहे, पोलीस आहेत, माझी सायकल आहे, उत्तर तेवढं नाही. मानधन घेत नाही म्हणतो. भाड्याचा विषय आला की घरातला विषय म्हणतो. वहिनी, तुम्ही माझ्या घरात आलात तेव्हा मी दोन वेण्या घालत होते. खोटं बोललात असं मला आठवत नाही. ऑफिसचं भाडं तुमच्या नावाने निघतं का? तुम्हाला हे माहीत तरी आहे का, की तुमच्या नकळत सही करतात?

तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही. उत्तर दिलं नाहीत तर मी समजून घेईन. पण मग जे समजायचं तेच समजेन.

आम्रपालीची नर्सिंगची परीक्षा जवळ आली असेल. तिला म्हणावं, आत्या रागात असली तरी पेढ्यांवरचा हक्क सोडणार नाही.

तुमचीच,
पौर्णिमा

●

बीड
दि. २ मार्च २०२५

चि. सौ. पौर्णिमास,
अ. उ. आ. आणि जय भीम.

पोरी, तुझं पत्र आलं. हे उत्तर मी चोरून लिहीत न्हाई. तुझे दादा समोर पेपर धरून बसलेत, अन् मी काय लिहिते हे त्यांना माहीत हाय. त्यांनी एकदा म्हणलं, लिहू नको. मी म्हणलं, तुमी बावीस वर्षं बोललात, आज मी एक पत्र लिहिते.

भाडं माझ्या नावानं निघतं. महिन्याला आठ हजार. सही माझी, खातं माझं. नकळत काई न्हाई. त्या पैशानं या घरात पीठ आलं, आत्याबाईंची औषधं आली, आम्रपालीची फी गेली. बाकीचं मी शिलाईचं मशीन मारून भागवलं. तू चोरी म्हणशील तर म्हण, मी ऐकून घेईन. पण मला बी तुला एक विचारायचं हाय.

माणूस रोज सकाळी घर सोडतो. नोकरी न्हाई, शेती न्हाई, दुकान न्हाई. त्याच्या घरात चूल कशावर पेटती, हे तुमच्या एवढ्या बायकांमधून एकीनं बी काहून विचारलं न्हाई? तू तर घरची. भीमजयंतीला माहेरी यायचीस, जाताना साडी नेसून जायचीस. ती साडी कुठून आली हे तुला कधी सुचलं न्हाई? तुमाला सगळ्यांना त्यागी माणूस पाहिजे होता, फुकटातला. तसा तुमी मिळवला. आता त्याच्या घराचं छप्पर उचकून आत बघता, अन् म्हणता, अगं बाई, हे लोक तर जेवतात.

मी त्यांना लई वेळा म्हणलं, सभेत उभं राहून सांगा की मी दिवसभर तुमचं काम करतो, मला पगार द्या. त्यांना ते लाजिरवाणं वाटायचं. पुढारी पगार मागायला लागला की त्याचा नोकर होतो, म्हणायचे. मग बंकटनं ही भाड्याची वाट दाखवली. त्यो लई गोड बोलला, वहिनी, खोली तर तुमचीच हाय, भाडं घेण्यात पाप कसलं. पाप न्हवतंच. पाप ह्यात होतं की ह्यांनी स्टेजवर खोली फुकट दिली म्हणून सांगितलं. ते वाक्य ज्या दिवशी तोंडातून गेलं त्या दिवसापासून तुझा दादा बंकटचा नोकर झाला.

तुझ्या पाचशे रुपयांचं बी सांगते, कारण कुणीतरी सांगायलाच पाहिजे. संपाच्या निधीतून बंकटनं जीप घेतली. कागदावर प्रचाराची गाडी, नाव बंकटचं. ती दारात आली तवा तुझ्या दादानं जेवण टाकलं. पण तोंडातून शब्द काढला न्हाई. काढला असता तर बंकटनं भाड्याचं काढलं असतं. बायडाबाईच्या बिलाला पैसे न्हवते त्याचं कारण ती जीप.

तुला राग आलाय ना? मला बी आलाय. तुझ्यावर बी, ह्यांच्यावर बी, माझ्यावर तर सगळ्यात जास्त. सभेत वाचून दाखवायचं असेल तर हे पत्र दाखव. माझं नाव झाकू नको.

आत्याबाई तुझी वाट बघतात. तेल पाठवून भागत न्हाई, सोता ये.

तुझी वहिनी,
उज्ज्वला

●

वडवणी
दि. २२ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,
सविनय जय भीम.

तू बंदी घातलीस ती मी मोडते आहे. रविवारच्या खास सभेतून तू उठून गेलास. त्यानंतर काय झालं ते कुणी तुला तिखटमीठ लावून सांगायच्या आधी माझ्याकडून ऐक.

मी वहिनीचं पत्र वाचलं तेव्हा तू उभा राहिलास. होय, घेतले, आठ हजार महिना घेतले, आता मला फाशी द्या म्हणालास, आणि संघटनेचा शिक्का टेबलावर आपटून निघून गेलास. मला वाटलं होतं तू बंकटबद्दल बोलशील. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. बंकट तुझ्यामागून निघाला, तर दारात बायडाबाई काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला शिवी दिली नाही. त्या एवढंच म्हणत राहिल्या, की माझी मेंढरं तुझ्या गाडीच्या चाकाखाली गेली. तेच परत परत. त्याला खिडकीकडच्या दुसऱ्या दाराने बाहेर जावं लागलं. बायका हसल्या नाहीत, दादा.

मग भांडण पेटलं. एक म्हणाली अभिमन्यूदादा चोर. दुसरी तिच्या अंगावर गेली, की तुझं निलंबन त्यानेच उठवलं होतं. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. मी म्हटलं, मला आठ हजारांचा राग नाही. माझा दादा दिवस उजाडल्यापासून आपलं काम करतो, त्याच्या कामाला आठ हजार म्हणजे थट्टा आहे. मागितले असते तर आपण पंधरा दिले असते. राग याचा आहे की तो फुकट काम करतो म्हणून आपण त्याला कधी काही विचारलं नाही. हिशेब विचारायला उभं राहिलं की वाटायचं, एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला काय विचारायचं. त्याच्या मोठ्या मनामागे बंकट लपला.

एक म्हातारी सेविका म्हणाली की पगारी पुढारी नको बाई, त्यात सेवा राहत नाही. तेव्हा मनिषा उठली. ती म्हणाली की सरकार आपल्याला नेमकं हेच सांगतं. तुमची सेवा आहे, म्हणून तुम्हाला पगार नाही, मानधन घ्या. आपण इतकी वर्षं रस्त्यावर बसून ज्या शब्दाशी भांडतो, तोच शब्द आपल्या माणसाला लावायचा का?

ठराव झाला. पूर्णवेळ काम करील त्याला महिना बारा हजार, सभेच्या मंजुरीने, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक तालुक्यात जमाखर्च मोठ्याने वाचायचा. बायडाबाईंच्या बिलाचे पैसे वर्गणी काढून त्यांना परत द्यायचे. बंकटवर कामगार कार्यालयात तक्रार द्यायची. ती दिली आहे. जीप अजून त्याच्या दारात उभी आहे, आणि तो रोज ती धुतो असं ऐकते.

आता तुला न सांगितलेलं सांगते. पगारी पदासाठी पहिलं नाव तुझं आलं. मी सुचवलं होतं. सगळ्यांनी नाही तरी निम्म्याहून जास्त बायकांनी हात वर केला असता. मी दारात जाऊन बघितलं. तू अजून रस्त्यापलीकडेच होतास, रिक्षात बसत होतास. मी हाक मारली, तू ऐकली नाहीस की ऐकून बसलास ते तुलाच माहीत. मग मनिषाचं नाव आलं आणि ती निवडून आली.

तुला हरवून मला आनंद झाला असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखत नाहीस. घरी येऊन मी सोमनाथवर विनाकारण ओरडले. तो बिचारा ताट घेऊन अंगणात जाऊन बसला.

आईला भेटायला येत्या रविवारी येते आहे. तू घरी नसलास तरी चालेल. असलास तर बरं वाटेल.

तुझी,
पौर्णिमा

●

वडवणी
दि. ११ जुलै २०२५

ती. स्व. दादास,
सविनय जय भीम. वि. वि.

मी आले तेव्हा तू आतल्या खोलीत होतास, बाहेर आला नाहीस. आईने दोन्हीकडे चहा नेऊन दिला आणि दोघांनाही शिव्या दिल्या. असो. हे पत्र कामाचं आहे.

वडवणी तालुक्यातल्या काही सेविकांना कमी करण्याच्या नोटिसा आल्या आहेत. सरकारने नोंदींसाठी दिलेले खराब मोबाइल परत केले, त्यामुळे नोंदी थांबल्या, हे कारण. बायडाबाईंनाही नोटीस आहे. अपंगत्वामुळे काम होत नाही म्हणून. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

मनिषा रात्रंदिवस झटते आहे, पण साहेबापुढे कोणता जुना आदेश काढायचा, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे तिला अजून येत नाही. ती स्वतःच म्हणाली की तुझ्या दादाला विचार. मला तुझ्याकडे मागायचं जिवावर आलं होतं. पण माझ्या रागासाठी या बायकांची नोकरी घालवायचा मला अधिकार नाही.

फुकट येऊ नकोस. फुकट आलास तर आम्ही तुला बोलावलंच नाही असं समज. तुझ्या कामाचे किती घेशील ते लिहून कळव. कार्यकारिणी मंजूर करील किंवा करणार नाही.

पौर्णिमा

●

बीड
दि. १९ जुलै २०२५

चि. पौर्णिमा हिस,
जय भीम.

सुनावणीचे दोन हजार रुपये आणि एसटीचे भाडे. एका दिवसात संपली नाही तर दुसऱ्या दिवसाचे पुन्हा तेवढेच. कार्यकारिणीचा ठराव आधी पाठवावा, मग निघेन.

या दोन ओळी लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. पहिल्या कागदावर मी काहीच घेणार नाही असे लिहिले होते. ते वाचून उज्ज्वला मशीन चालवायची थांबली.

नोटिसांच्या प्रती आणि मोबाइल परत केल्याच्या पोचपावत्या मनिषाबरोबर पाठव. तिला दोन दिवस राहायला ये म्हणावे, मला तिला काही गोष्टी शिकवायच्या आहेत. पोरगी हुशार आहे. मागे मी तिच्याबद्दल लिहिले ते चुकीचे होते.

बायडाबाईंच्या घरी जाण्याचे धैर्य मला अजून होत नाही. त्यांची बाजू मात्र सगळ्यात आधी मांडीन.

माझा राग गेला असे समजू नकोस. तू बहीण म्हणून माझ्या घराची गोष्ट भरसभेत वाचलीस. तू बरोबर होतीस हे मला कळते, आणि कळते म्हणून तो जास्त काळ टिकेल असे वाटते.

अभिमन्यू

●

बीड
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पौर्णिमास,
अ. उ. आ. आणि जय भीम.

सुनावणीच्या दिवशी तू बायडाबाईला दवाखान्यात घेऊन गेली होतीस, म्हणून कळवते. निकाल तुला मनिषानं सांगितलाच असेल. बायडाबाईची नोटीस मागं घेतली, तिला बसून करायचं काम द्यायचं ठरलं. बाकीच्या बी वाचल्या, दोघींचं तेवढं लटकून हाय, त्याची तारीख लागली. मी बी गेलते. बाहेर व्हरांड्यात बायकांसंगं बसले होते. आतून ह्यांचा आवाज यायला लागला तवा माझ्या बाजूची बाई म्हणली, आला बघा दादा. मला हसू बी आलं अन् चीड बी आली.

बाहेर आल्यावर मनिषानं सगळ्यांसमोर पैसे दिले अन् पावतीवर सही घेतली. सही करताना ह्यांची मान खाली होती. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागली, तर हे तिच्यावर खेकसले, की टाळ्या कशाला, काम केलं, पैसे घेतले.

घरी आल्यावर ते पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले अन् म्हणले, हे माझ्या कामाचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांच्या नावाचा पैसा माझ्या हातात पहिल्यांदा आला. मला वाटलं, आता मला रडू येईल. रडू आलं न्हाई, राग आला. असा राग आला पौर्णिमा, की माझे कान तापले. मी म्हणलं, हे एवढंच बोलायचं होतं? एवढ्या तीन शब्दांसाठी मी माझे डोळे त्या मशीनवर घालवले? तुमच्या बहिणीनं जगात तुमची अब्रू काढली तवा कुठं तुमच्या तोंडातून निघाले? आत्याबाई आतून ओरडल्या, काय झालं, काय झालं.

ते उंबऱ्यात जाऊन बसले. पैसे मी डब्यात ठेवले. परत द्यायचा प्रश्नच न्हवता, ते माझ्या घराचे होते. मग मी आत जाऊन भाकरी टाकल्या, अन् तिथूनच विचारलं, जेवता का. ते म्हणले, हो.

जेवताना त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, अन् मी वाढल्या.

तू ये. भांडायला आलीस तरी चालंल, घरातले सगळे तयारीत हायत.

तुझी वहिनी,
उज्ज्वला